तिसऱ्या काळात अडकलेली जीभ

पितृपक्षात नको, नवरात्र लागलं की बसव, असं अम्माने ठरवलं आणि मी मान डोलावली. इथेच सगळं फसलं.

गोष्ट माझ्या दातांची आहे. माझे वरचे दात खालच्या दातांना पार झाकून टाकतात आणि खालचे आतून वरच्या हिरडीत रुततात. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी तोंड मिटून बसले आहे असा प्रसंगच घरात कुणी पाहिला नाही. एकतिसाव्या वर्षी हिरडीतून रक्त यायला लागलं, तेव्हा मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या एका दवाखान्यात गेले. तिथे एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तिरुच्चीहून डॉक्टर सौम्या येतात. दातांना क्लिपा लावून ते जागेवर आणणं एवढंच त्यांचं काम. त्यांचा आवाज इतका संथ आहे की ऐकताना माझे पाय आपोआप हलायला लागतात.

त्यांनी पहिल्याच भेटीत सगळं समजावून सांगितलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. प्रत्येक दातावर धातूचा एक बारका चौकोन चिकटवणार, त्यांतून तार ओवणार. पहिले काही दिवस दात ठणकतील, चावता येणार नाही, मऊ खा. गालाला आतून घासून फोड येतील, त्या जागी मेण लावा, डबी मी देते. मुरुक्कू म्हणजे तांदळाची कडक चकली, ऊस, बर्फ, सुपारी बंद. खाल्लं की ब्रश. महिन्या-दीड महिन्याने तार बदलायची. पावणेदोन वर्षं तरी लागतील, आणि तारा निघाल्यावरही झोपताना पट्टी घालायची, नाहीतर दात पुन्हा आपल्या जुन्या जागी जातात. तुमचे वरचे दात खालच्यांवर फार खोल बसतात, म्हणून आतल्या बाजूलाही काही लावावं लागेल, असंही त्या म्हणाल्या असणार. मी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल मोजत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडखळत चालत होता आणि मला त्याचाच राग येत होता.

"कामात फार बोलावं लागतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"छे," मी म्हटलं. "मी भरतनाट्यम शिकवते."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि विषय संपला.

आता यात मी खोटं काय बोलले? भरतनाट्यमच्या कार्यक्रमात नाचणारीच्या एका अंगाला कुणीतरी मांडी घालून बसलेलं असतं. हातात दोन लहान जाड झांजा, त्यांना आम्ही ताळ म्हणतो, आणि तोंडाने पायांचे बोल: तधिगिणतोम, तकिट, तरिकिट. याला नट्टुवांगम म्हणतात आणि ते माझं काम. बोल चुकले की पाय चुकतात. पण बोल म्हणणं म्हणजे बोलणं, असं आमच्यात कुणी मानत नाही. बोलायचं ते भाजीवालीशी, शेजारणीशी. बोल हे हातापायांसारखे अंगाचेच असतात. शिवाय माझा हिशेब सोपा होता: तार दातांच्या बाहेरून, जीभ आतून. दोघींची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

विजयादशमीला अखिलाचं अरंगेट्रम होतं. अरंगेट्रम म्हणजे शिष्येचा रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम. अखिला आमच्यातलीच, म्हणजे पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातली, अकरावीतली मुलगी. सात वर्षांची असताना वडिलांचं बोट धरून माझ्याकडे आली, तेव्हापासून तिच्या पायांवर माझाच आवाज आहे. शहाण्या माणसाने काय केलं असतं? तेवढा कार्यक्रम होऊ दिला असता आणि मग दात दाखवले असते. पण अम्मा म्हणाली, "नवरात्रांत आरंभलेलं तडीस जातं. पुढच्या खेपेस कोण जाणे कोणती तिथी येते." आणि मला तर थांबायला सांगणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पितृपक्षाचा पंधरवडा मी कसाबसा काढला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नवरात्रातल्या शनिवारी मी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी पायरीवर हजर होते.

क्लिपा बसवताना काही दुखलं नाही. तोंड ताणून धरलं होतं, लाळ गळत होती, एवढंच. शेवटी डॉक्टर सौम्यांनी वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे काहीतरी लावलं आणि त्यावर निळा दिवा धरला.

"हे काय?" मी तोंड मिटता आल्याबरोबर विचारलं.

"उंचवटे. सांगितलं होतं ना? आता खालचे दात यांच्यावर टेकतील, हिरडीत रुतणार नाहीत. सवय व्हायला दोनेक आठवडे लागतात."

दवाखान्याबाहेर स्कूटीवर बसले. रोजच्यासारखी सिग्नलला थांबले आणि रोजच्यासारखी तोंडातल्या तोंडात जती, म्हणजे बोलांची बांधलेली माळ, सुरू केली. पहिलाच 'त'. जीभ नेहमीच्या जागी, पुढच्या दातांच्या मागे गेली आणि तिथे दोन गुळगुळीत खडे होते. 'त' निघाला तो ओला, जाड. 'धि' तर निघालाच नाही. मी पुन्हा म्हटलं. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. मी तिसऱ्यांदा म्हटलं, तरी तेच.

सवय व्हायला दोन आठवडे. अरंगेट्रम येत्या गुरुवारी.

रविवारी दात असे ठणकत होते की इडलीसुद्धा जिभेने टाळूवर दाबून गिळावी लागली. अम्माने रसमभात कालवून कालवून त्याची पेज केली. घरी नवरात्राची कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडलेली, ती पाहायला बायका येत होत्या, आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"क्लिप घेटलीस? मग ठरलं म्हण की लग्न!"

"हिरडीतून रक्त येत होतं," मी म्हणायचे, आणि ते असं काही ऐकू जायचं की त्या अधिकच गोड हसायच्या. त्यांच्या हातातलं चण्याचं सुंडल पाहून मला रडू येत होतं. एक चणासुद्धा चावता येत नव्हता. सगळं अंग चावायला उठलं होतं आणि दात तेवढे कामाचे नव्हते.

जीभ जागेवर राहीना. ती सारखी त्या खड्यांकडे जायची, तारेच्या टोकांकडे जायची, गालातल्या फोडांकडे जायची. मी घरभर फिरायचे. गच्चीवर जायचे, खाली यायचे. भांडी घासायला आलेल्या बाईला उगाच दोनदा विचारलं, नळ बंद केलास का. संथ काळात बोल जमत होते. दुप्पट काळात निम्मे जमत होते. तिसरा काळ म्हणजे चौपट वेग, तो आला की तोंडात सगळा चिखल व्हायचा.

संध्याकाळी अखिला आली. मी ताळ उचलले, जती म्हटली. पहिला काळ झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात तिचे पाय मध्येच थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत राहिली.

"थांबलीस का?" मी ओरडले. ओरडताना तार गालात रुतली. "मी थांबले का?"

"नाही अक्का," ती म्हणाली. "पुन्हा करते."

ती पुन्हा थांबली. चूक तिची नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. मी चिडले होते ते माझ्याच तोंडावर, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची?

सोमवारी मी डॉक्टर सौम्यांना फोन केला. त्या सुट्टीला माहेरी, कोइंबतूरला गेलेल्या.

"ते उंचवटे काढा," मी म्हटलं.

"काढता येतील, पण मी आल्यावर. का? दुखतंय फार?"

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होता बोलावं लागत नाही म्हणून."

दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन दातांच्या कण्या केल्या. ते म्हणाले, उंचवटे काढले तर वरच्या दातांखाली खालच्या क्लिपा चिरडून निघतील, मॅडमच्या कामाला मी हात लावणार नाही. मी दार आपटून बाहेर पडले. दार आपोआप मिटणारं होतं, आपटलंसुद्धा नाही.

मंगळवारी अखिलाचे वडील आले. सूर्यनारायण कालव्यांच्या खात्यात इंजिनियर आहेत, पूर यायच्या आधी दरवाजे तपासणारा माणूस. बसले, पाणी घेतलं, अम्माच्या कोलूचं कौतुक केलं. मग म्हणाले, "टीचर, राग धरू नका. कुंभकोणमच्या प्रणवेशाला मी बोलावलं आहे. नुसता बसेल समोर. लागलंच तर."

प्रणवेश आणि मी एकाच गुरूंकडे शिकलो. त्याची जीभ पाण्यासारखी चालते, आणि हे त्याला फार चांगलं माहीत आहे.

"म्हणजे माझा भरवसा नाही," मी म्हटलं.

"पोरीची नऊ वर्षं आहेत हो," ते हळूच म्हणाले. "तुमची पण आहेत. म्हणूनच म्हटलं."

ते बरोबर होते, म्हणून मला त्यांचा जास्त राग आला. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन अम्मावर ओरडले, तुझी तिथी आणि तुझं नवरात्र. अम्मा म्हणाली, "मी तिथी सांगिटली. उड्या कोण मारल्या?"

बुधवारी आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं, वह्या-पुस्तकं, वाद्यं देवीपुढे ठेवतात, गंध-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. माझे ताळ देवीपुढे. अखिलाचे घुंगरू देवीपुढे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, जेव्हा मला श्वासागणिक सराव हवा होता, तेव्हा सरावच बंद. मी उंबऱ्यात उभी राहून ताळांकडे पाहत होते. देवीसुद्धा माझ्याकडे जरा रोखून पाहते आहे असं वाटलं.

दुपारी अम्मा आडवी झाली. मी आरशासमोर गेले. नखं घासायची कानस घेतली, तोंड उघडलं आणि वरच्या दातामागचा उंचवटा घासायला लागले. थोडासा कमी झाला तरी पुरे, असं मला वाटत होतं. कानस घसरली. खालच्या एका दातावरचा चौकोन खटकन निघाला, तार मोकळी झाली आणि तिचं टोक गालात घुसलं. बेसिनमध्ये रक्त पडलं.

"काय करूलीस गे?" अम्मा दारात उभी होती.

मी कानस मागे लपवली, लहान पोरीसारखी.

"आज कोणतं आयुध हाती धरायचं नाही म्हणून सांगिटलं की नाही?" ती म्हणाली. मग तिने माझ्या हनुवटीखाली हात धरला, तोंड उघडायला लावलं आणि बघितलं. ती ओरडली नाही. मेणाची डबी आणली, मेणाचा गोळा केला आणि स्वतः त्या टोकावर बसवला. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. उद्या अखिला सगळ्या गावासमोर उभी राहील, आणि मी तिला तोंडघशी पाडेन.

विजयादशमीच्या सकाळी पूजा उतरवली. अखिला नमस्काराला आली. मी तिच्या हातात घुंगरू दिले आणि रात्रभर घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं, "आज प्रणवेशाला बसू दे."

"नक्को."

"अखिला, माझ्याने तिसरा काळ निघत नाही."

"तुम्हीच बसा अक्का," ती म्हणाली. "चुकलं तर चुकलं."

सोळा वर्षांच्या पोरीला हे म्हणायला काय जातं, असं माझ्या मनात आलं. सगळं तिचंच जाणार होतं, हे लगेच लक्षात आलं, आणि मी देवीपुढचे माझे ताळ उचलले.

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत सूर्यनारायण, त्यांच्या शेजारी प्रणवेश, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याचे ताळ. मी गालात मेण दाबून बसले. सुरुवातीचे प्रकार पार पडले, त्यांत लय बेताची असते. मग वर्णम आलं. वर्णम म्हणजे कार्यक्रमाचा कणा, पाऊण तासाचा. त्यातली पहिलीच जती तीन काळांत असते: तेच बोल आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट.

पहिला काळ मी मोकळ्या आवाजात म्हटला. दुसऱ्यात मेण सरकलं. ते मला कळलं, पण हात रिकामे नव्हते. तिसरा काळ सुरू झाला, एक आवर्तन कसंबसं निघालं, आणि मग जीभ त्या खड्यावर आपटली, बोल फुटले, ते गोळा करायला गेले तर तार गालात घुसली. माझं तोंड बंद पडलं.

हात बंद पडले नाहीत. ताळ वाजत राहिले, ते कसे ते मला माहीत नाही. मृदंगवाल्यांना वाटलं मी ठरवूनच थांबले, त्यांनीही वाजवणं थांबवलं. प्रणवेश खुर्चीतून अर्धा उठला. सूर्यनारायणांनी त्याच्या दंडाला धरलं होतं, उठवायला की बसवायला ते कळलं नाही. मी पुन्हा तोंड उघडलं, आवाज आला नाही.

आणि मला अखिलाचे पाय ऐकू आले. नऊ वर्षं मी त्या पायांवर ओरडत आले होते. नुसते, माझ्या आवाजावाचून, ते कधी ऐकलेच नव्हते. तकिट, तरिकिट, एक एक अक्षर लाकडावर स्वच्छ पडत होतं. तिचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं ती घाबरली. मग तिने आवाज चढवला. नाचणारी बाई बोल म्हणत नाही, आमच्यात तशी पद्धतच नाही, पण तिने जतीचा शेवट नाचता नाचता, धापा टाकत, मोठ्याने म्हटला: तधिगिणतोम, तधिगिणतोम, तधिगिणतोम. 'धि'वर तोच दाब, 'तोम'वर तोच तोडून टाकलेला श्वास. तो माझा आवाज होता, माझ्या सगळ्या चिडचिडीसकट. शेवटच्या तोमवर तिचा पाय, तिचा आवाज आणि माझा ताळ एकत्र पडले.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. प्रणवेश खाली बसला. मला मात्र रडू येत होतं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळेना.

गायिकेने पुढची ओळ धरली. अखिला हात फिरवत माझ्या बाजूला आली. ओळ संपली की पुढची जती, ती मी म्हणायची. नेहमी या ठिकाणी मी तिच्याकडे डोळे वटारते आणि लय चढवते. आज तिनेच माझ्याकडे पाहिलं. कमरेवरचा हात तिने जरासा खाली दाबला, प्रेक्षकांना दिसणार नाही इतकाच. काळ उतरवा.

लय द्यायची ती मी, घ्यायची ती तिने, असंच आजवर होतं. मी तोंडातलं रक्त गिळलं, ताळ उचलले आणि तिने दिलेल्या लयीत सुरू केलं.